दहाव्या माणसाची जागा

मार्टिनची आणि माझी शेवटची भेट खिडकीतून झाली. तो आत खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. मी बाहेर त्याच्या परसात, फेब्रुवारीच्या वाऱ्यात कुडकुडत. दोघांच्या कानाला फोन. दोन हातांवरच्या माणसाशी काचेपलीकडून फोनवर बोलायचं, हीच कोरोनाच्या वर्षाची रीत होती. फुप्फुसांचा कॅन्सर होता, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तब्येत विचारली तर म्हणाला, "ग्रँड!" ग्रँड म्हणजे एकदम मजेत; इथे मरणारा माणूसही ग्रँडच असतो. मग श्वास गोळा करत त्याने विचारलं, "ब्रिडी काही बोलली का?" मी मान हलवली. नाही. त्याला माझ्याकडून तेवढंच हवं होतं, आणि नेमकं तेच माझ्याकडे नव्हतं…

ॲथलोन या आयरिश शहरापासून वीस मिनिटांवरच्या आमच्या गावात मार्टिन चाळीस वर्षं प्लंबर होता आणि त्यातली शेवटची बारा वर्षं डीकनही. डीकन म्हणजे फादर नव्हे. डीकन म्हणजे बायकोमुलं असलेला, पोटापाण्याचा धंदा करणारा, पण चर्चने विधिवत दीक्षा दिलेला माणूस. तो बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, माणसाला मातीही देऊ शकतो. मी नागपूरची. ॲथलोनला शिकायला आले, नोकरी लागली आणि राहिले. दिवसा कंपनीत कोड लिहायचे, बाकी वेळ भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं. ओळख झाली ती माझ्या भाड्याच्या घरातल्या बंद बॉयलरमुळे. 'सगळं ठीक आहे' असं लिहून द्यायला घरमालकाने मार्टिनला धाडलं होतं. त्याने बॉयलर उघडला, आत बघितलं आणि माझ्यासमोरच मालकाला फोन लावला. "हा मेलाय. मी मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतो, ते जिवंत असल्याचा दाखला देत नाही." त्याच दिवशी मी पत्रकांचा गठ्ठा त्याच्या हातात कोंबला. पुढे तो ज्या ज्या घरी नळ दुरुस्त करायला जायचा, तिथे एक पत्रक ठेवून यायचा.

मी देव मानत नाही, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगितलं. "गरम पाणी मानतेस ना? मग आपलं जमेल," तो म्हणाला. त्याच्या चर्चने या देशात बिनलग्नाच्या आयांना आणि त्यांच्या पोरांना कसं कोंडलं, छळलं, त्याचा पाढा मी त्याच्याच स्वयंपाकघरात त्याच्यापुढे वाचला. त्याची बायको नूला चहा ओतता ओतता थांबली. मार्टिन म्हणाला, "खरं आहे. तुला माहीत नाही असंही बरंच आहे. बस, चहा गार होतोय." अशा माणसाशी भांडायचं कसं? इथे गावात कुणी गेलं की ओळख असो-नसो, माणसं रांगेने येतात, घरच्यांचा हात हातात घेतात, दोन शब्द बोलतात आणि निघतात. मार्टिनने अशी एकही रांग चुकवली नसेल. स्वतः प्रार्थना सांगायला उभा असला तरी आधी रांगेत उभा राहायचा. "मी रडायला जातो गं. प्रार्थना येतात म्हणून त्या म्हणतो," असं सांगायचा.

मग २०२०चा वसंत आला. अंत्यविधीला दहाच माणसं, असा नियम झाला. त्याच सुमारास शेजारच्या गावात एका बड्या असामीच्या मयतीला पन्नासेक जण बिनदिक्कत जमले, आणि माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं. 'दहा म्हणजे दहा. कुणालाही सूट नाही.' मोठ्या ठळक अक्षरांत. मार्टिनने ते चर्चच्या दाराला स्वतःच्या हाताने चिकटवलं. पुढच्याच आठवड्यात पीटर गेला. दुधाचा धंदा, भरलं घर, आणि शेजारच्या घरात त्याची बिनलग्नाची बहीण ब्रिडी. गायी माणसाच्या मरणासाठी थांबत नाहीत. घरची सगळी चर्चला गेली, ब्रिडी धारा उरकून मागून निघाली. ती पोचली तेव्हा दारात मार्टिन उभा होता. ती आल्याचा आतल्या कुणाला पत्ता नाही, फादर स्वतः आजारी, विधी मार्टिनच करणार. "दहा झाले, ब्रिडी," तो म्हणाला आणि त्याने दार लोटलं. भावासाठीची प्रार्थना तिने दाराला कान लावून ऐकली.

आठवड्याने नव्या पत्रकासाठी मी नियम पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचला. हो, पहिल्यांदा. विधी करणारा त्या दहांत धरायचाच नव्हता. मी तडक मार्टिनच्या शेडवर गेले. तो तांब्याचा पाइप कापत होता. "मार्टिन, तू स्वतःला मोजलंस. आत नऊच होते." करवत थांबली. "पण मीही रडायलाच आलो होतो ना…" एवढंच म्हणाला आणि उलट्या बादलीवर बसला. थोड्या वेळाने, कसलाही ठपका न ठेवता, "तुझ्या पत्रकात कुणालाही सूट नाही असं होतं." मी काय म्हणाले? "पत्रकात सगळं मावत नाही." खरं बोलायला मला कधी भीती वाटली नाही, असं मी फुशारकीने सांगत आले आहे. ते पत्रक मी अर्धवट वाचून लिहिलं होतं, हेही खरंच होतं. ते मात्र त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालं नाही.

तो त्याच दुपारी ब्रिडीकडे गेला आणि चूक जशीच्या तशी सांगितली. तिने दारातच विचारलं, "माझ्या भावाचा तू कोण लागत होतास रे, की तू आत आणि मी बाहेर?" दार लागलं ते लागलं. तो दर महिन्याला जायचा, दार वाजवायचा, परत यायचा. तिने बॉयलरसाठी ॲथलोनचा प्लंबर बोलावला. गावात याहून मोठा अपमान नाही. बाकीची माणसं त्याला सांगायची, "सोड रे, नियमच तसा होता." तो म्हणायचा, "नियम तसा नव्हता. तीच तर गोष्ट आहे."

नूलाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. "सकाळी गेला. शांतपणे गेला." नियम पुन्हा दहावरच आला होता. "नावं त्यानेच लिहून ठेवलीत. तुझं आहे. आणि ब्रिडी…" मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "ब्रिडीचं माझ्यावर सोड. माझी जागा मी तिला देते." "अगं, ऐक तरी—" पण मी फोन ठेवून कोटसुद्धा चढवला होता. मोर्चात असंच असतं, निघालं की निघालं.

ब्रिडीने दार उघडलं. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. माझ्यापेक्षा तिला ऐकणं जास्त येतं. मग म्हणाली, "तुझी जागा? दानात मिळालेली जागा घेऊन मी काय करू, पोरी? मला माझी हवी होती." मी म्हटलं, "तो माफीची वाट बघत गेला." ती म्हणाली, "मीही दाराबाहेर वाटच बघत होते." दार शांतपणे लागलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

मग मीही आत गेले नाही. ब्रिडी बाहेर असताना मी बाकावर बसणार नाही, असं माझं बाणेदार तत्त्व. रस्त्याच्या कडेला दोन-दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसांत उभी राहिले, शववाहिका गेली, मान खाली घातली. मनातून, खोटं कशाला सांगू, मला माझं बरंच कौतुक वाटत होतं.

दोन दिवसांनी नूलाने फोन केला. चिडली नव्हती, नुसती दमली होती. "आठच होतो आम्ही," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. बॉयलर तपासला की त्यावर बांधायचे पुठ्ठ्याचे टॅग असतात ना, त्यांतल्या दहांवर मार्टिनने आजारपणात दहा नावं लिहिली होती. प्रत्येकाच्या जागी बाकाला ती सुतळीने बांधायची, म्हणजे दारात उभं राहून कुणाला कुणालाच मोजावं लागणार नाही. तिसऱ्या बाकावर माझं नाव होतं. पहिल्या बाकावर, नूलाच्या शेजारी, ब्रिडीचं. "तेच तर सांगत होते मी फोनवर," नूला म्हणाली. "मी फोन केला तर ती उचलत नाही. म्हटलं, तू जाऊन सांगशील…"

तिची स्वतःची जागा. त्याच्या अक्षरात. आणि मी तिच्या दारात उभी राहून तिला माझी देत होते.

याला महिना होत आला. मी ब्रिडीला अजून सांगितलेलं नाही. जगाला तोंडावर सुनावणारी मी, तिच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन परत आले. एकदा एका माणसाला मी असंच तडक जाऊन खरं सांगितलं होतं, आणि त्या खऱ्याने त्याचं उरलेलं वर्ष खाल्लं. चर्च अजून बंद आहे. रविवारची प्रार्थना कॅमेऱ्यातून दाखवतात, म्हणून न मानणारी मी रविवारी लॅपटॉप उघडून बसते. बायबलमधल्या शुभवर्तमानाचं वाचन हे डीकनचं काम. ते आलं की फादर सवयीने डावीकडच्या खुर्चीकडे बघतात, अर्धा श्वास थांबतात, मग स्वतः उठतात. खाली सगळे बाक रिकामे. बसायला कुणी येतच नाही, म्हणून ते दोन टॅगही कुणी सोडलेले नाहीत. तिसऱ्या बाकावरचा धड दिसत नाही. पहिल्या बाकावरचा दिसतो, पांढरा, कधी कधी हलतोसुद्धा.

ब्रिडीच्या घरी इंटरनेट नाही.