मिरचीचे हात आणि माशाचे खवले

लातूर-नांदेड एसटी अहमदपूरला थांबली, तेव्हा माझ्या मांडीवरचा रिकामा डबा बघून कंडक्टरने विचारलं, "पेढे आणायला चालल्या का, मावशी?"

"माशाचे खवले," मी म्हटलं. बिचारा पुढच्या सीटकडे वळला.

तसं काही मी खोटं बोलले नव्हते. माझी अक्का धर्माबादला मिरचीच्या गोदामात देठं खुडते. हंगामात तिच्या हातांची अशी आग होते, की ओल्या फडक्यात गुंडाळून झोपावं लागतं. त्यात तिची लेक रेखा बाळंतपणाला आली, नातू झाला, आणि अक्काने त्याला एकदाही उचललं नाही. कितीही धुतलं तरी तिखट कातडीत राहतंच, तान्ह्याला झोंबलं तर? फोनवर ती हमसून हमसून रडली. काम सोड म्हटलं तर ऐकेल ती अक्का कसली! पण जीव तुटतच होता माझा.

आमच्या शेजाऱ्यांची लेक शबाना नांदेडच्या कॉलेजात शिकवते आणि खवल्यांपासून हाताला लावायचं मलम बनवते, हे कळलं तशी मी उठले आणि निघाले.

नांदेडला उतरल्यावर तिने मला आधी नेलं कुठे, तर मासळी बाजारात! नाकाला पदर लावूनच शिरले. रोहू खरवडणारी एक बाई खवले वेगळ्या बादलीत टाकत होती.

"पहिले ह्याच्यावर कुत्रे भांडायचे," शबानाकडे बोट दाखवत ती म्हणाली, "आता ह्या म्याडम भांडून राहिल्या!"

कॉलेजात ते खवले धुऊन, आंबट पाण्यात मऊ करून मंद आचेवर शिजवतात. त्यातून चिकट रस सुटतो, त्यात मेण घोटलं की झालं मलम. मी भीतभीत वास घेतला. मासळीचा मागमूस नाही!

"काकू, हे औषध नाही हां," शबानाने बजावलं. "अजून आम्हीच वापरून बघतोय. कामाआधी लावायचं, म्हणजे हातावर पातळ थर बसतो, तिखट कातडीत मुरत नाही. कातडी फुटली असेल तर नको. आणि आधी रात्रभर मनगटावर लावून बघा."

डबा भरून घेतला आणि धर्माबादच्या गाडीत बसले. बसल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. अक्का माळकरी! गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. अगं बाई, आता काय करू? गुपचूप लावून द्यावं, असंही मनात आलं. पण माळ घातलेल्या बाईला फसवायचं कसं?

धर्माबादला उतरले तशा खकाण्याने (मिरचीच्या उडत्या धुळीने) सटासट शिंका सुरू झाल्या. घरी पोचताच शिंकतच सगळं सांगून टाकलं.

अक्काने डबा उचलून उलटसुलट बघितला. "ह्याच्यासाठी मारलं का मासं?"

"नाही गं. खाणाऱ्यांनी खाल्लं. हे नालीत जाणारं."

तिची नजर दारातल्या वहाणांकडे गेली. "वहाण तर चामड्याचीच घालते की मी. पायाला चालतं, मग हाताला का न्हाई? पर देवाला शिवायच्या आधी साबणानं धुईन, सांगून ठेवते."

हुश्श! सुटले बाई एकदाची.

मलम लावलेल्या मनगटाला रात्रभर काही झालं नाही. सकाळी अक्का मलम चोळून गोदामात गेली, संध्याकाळी आली ती थेट मोरीवर. हात धुऊन तिने बोट पापणीला लावलं. देठं खुडणाऱ्या बायकांची ही पारखायची रीत. डोळ्याला पाणी आलं, तर लेकराला हात लावायचा नाही.

"न्हाई झोंबत," ती पुटपुटली आणि बाळाला उचललं.

बाळाने भोकाड पसरलं!

अक्काचा चेहरा पांढराफटक. "घे, घे गं ह्याला! झोंबलं वाटतं!" रेखाने अंग चाचपलं, गाल बघितले आणि खळखळून हसली. "आये, भूक लागली हाय त्याला!"

अक्का हसता हसता रडायला लागली. मी तरी कुठली थांबतेय!

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. पुढच्या हंगामात हे मलम किती टिकतं, मला ठाऊक नाही. अक्का मला नेहमी स्टेशनापर्यंत सोडायला येते, गाडी हलेपर्यंत जात नाही. यंदा जागची उठली नाही. "मांडीवर झोपलाय गं, उठू कशी?" म्हणाली. एरवी मी केवढी रुसले असते! एकटीच रिक्षा करून गेले, आणि गाडीत बसल्याबरोबर अशी गाढ झोपले, की नांदेड आल्याचं शेजारच्या बाईने हलवून सांगितलं.