हिस्केबाईंच्या रुळात अडकलेली चादर

एम्डेन शहराच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधाआडच्या एका गावात हिस्के पोपिंगा यांचं धुतलेल्या चादरी रुळातून काढून इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. दुकानात यंत्र एकच, माणसाहून लांब असा गरम रूळ. ओलसर चादर एका बाजूने आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती पापडासारखी कडक बाहेर यायची. मग घडी. चादरीला टोकं चार आणि बाईला हात दोन, म्हणून गिऱ्हाईक बाई समोर उभी राहायची. दोघी टोकं धरून मागे सरकायच्या, ताणायच्या, मग जवळ यायच्या, आणि जवळ आल्या की टोकांबरोबर एखादी बातमीही हातात द्यायच्या. गावात कोणाचं लग्न मोडलं, तर ते नवऱ्याच्या आधी या दुकानाला कळायचं.

पुढे चुरगळलेल्या चादरीवरही झोप लागते, हा शोध गावाला लागला. गिऱ्हाइकं आटत गेली. बांधाजवळची दोन पाहुणेघरं आणि चर्चमधली वेदीवरची कापडं तेवढी उरली. तरी दर गुरुवारी हिस्केबाई यंत्र तापवायच्याच. कोणी आलं नाही तर घरातल्या धुतलेल्या चादरी पुन्हा भिजवून रुळातून काढायच्या. भिंतीतल्या नळकांड्यातून वाफ बाहेर पडली की दुकान उघडं आहे हे रस्त्याला समजायचं. समजून रस्त्याने काही केलं, असं नाही.

अशाच एका गुरुवारी वीज पडली. मोटर जळली, रूळ थांबला आणि आतली चादर करपली. विमा कंपनीने फोनवर बजावलं, आमचा माणूस येऊन पाहीपर्यंत कशालाही हात लावू नका. हिस्केबाईंनी लावला नाही. यंत्र चादरीची जीभ बाहेर काढून तसंच उभं राहिलं.

धाकटा दीर ओक्को सायकलवरून येऊन बघून गेला.

"वहिनी, चादर कोणाची म्हणून विचारतील."

"माझी आहे."

"नेमकं तेच सांगू नका. पाहुणेघराची म्हणा. विमा धंद्याचा आहे. घरच्या कामात जळलं म्हटलंत की संपलं."

"म्हणजे खोटं सांगू?"

"खोटं कसलं त्यात? पांढरी चादर पांढऱ्या चादरीसारखीच दिसते."

ओक्कोने उभ्या आयुष्यात विम्याचा दावा केलेला नव्हता, त्यामुळे त्याची मतं ठाम होती. तो गेला, आणि नंतर बरेच दिवस कोणीच आलं नाही. हिस्केबाईंचं पेन्शनवर भागत होतं. पण यंत्र गेलं, तर कोणी येऊन त्यांच्यासमोर उभं राहावं असं कारण गावात उरणार नव्हतं. हे काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी कंपनीचा माणूस आला. वीगांड नावाचा, समुद्रापासून दूरच्या कासेल शहराकडचा, सभ्य. त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि विचारलं, "ही चादर कोणाची?"

"आधी चहा घ्या," हिस्केबाई म्हणाल्या.

कपातल्या खडीसाखरेवर चहा पडला, तशी ती तडतडली. वरून साय सोडली. वीगांडने कप संपवून चमचा रीतसर बशीत ठेवला. हिस्केबाईंनी पुन्हा ओतला. तो पुन्हा संपला, पुन्हा भरला. पाचव्या कपाला वीगांड चिंब भिजलेल्या माणसासारखा दिसू लागला.

"पोपिंगाबाई, तुमच्याकडे चहा थांबतो कधी?"

"चमचा कपात ठेवला की."

"हे आधी सांगायचं ना."

"तुम्ही कुठे विचारलंत?"

त्याने चमचा कपात ठेवला. "आता चादर."

हिस्केबाईंनी किटलीवर टोपरं चढवलं, ते नीट केलं. "माझी. त्या दिवशी कोणी आलं नव्हतं."

"बरं. मग चादरीचे पैसे मिळणार नाहीत."

"आणि यंत्राचे?"

"वीज यंत्रावर पडली. चादर कोणाची याच्याशी विजेला कर्तव्य नाही, आम्हालाही नाही."

ओक्कोला हे कळवायचं नाही, असं हिस्केबाईंनी ठरवलं.

फोटो झाले होते, म्हणून दोघांनी मिळून चादर ओढून काढली. न सांगताच वीगांडने दोन टोकं धरली, मागे सरकला, ताणून जवळ आला. त्याची घडी वाकडी पडली. हिस्केबाईंनी ती सुधारली नाही.

मग तो मुद्द्यावर आला. नवं यंत्र घेऊन धंदा चालू ठेवणार असाल तर नव्याची किंमत मिळेल, नाहीतर जुन्याची, म्हणजे भंगाराहून थोडी वर. त्याने नव्याचं चित्र दाखवलं.

"हे घडीसुद्धा स्वतःच घालतं. एकटा माणूस पुरे. गिऱ्हाइकाने पिशवी दारात ठेवायची आणि जायचं." आनंदाची बातमी सांगावी तसं तो सांगत होता.

"घडी न घालणारं नाही मिळत?"

"या मापाचं आता कोणी बनवत नाही."

हिस्केबाईंनी चित्र हातात घेतलं. चित्रातली बाई यंत्राशेजारी एकटीच उभी होती आणि चौकटीबाहेरच्या कोणाकडे तरी बघून हसत होती.

"जुन्याची किंमत लिहा."

"दुकान बंद करावं लागेल, बाई."

"लिहा."

त्याने लिहिलं. यंत्र उचलून न्यायचा खर्च कंपनी करेल, तेवढी तरतूद आहे, असंही म्हणाला.

"न्यायला किती जण येतील?"

"तीन तरी. जड आहे."

"सकाळीच पाठवा," हिस्केबाई म्हणाल्या. "आणि घाई करू नका म्हणावं."