बाबांचं दुपारचं जेवण

हॉटेलच्या स्वयंपाकघरातली एक हलकीफुलकी मालिका मी वसतिगृहात बघायला लागले ती बाबांमुळे. बाबा शहरातल्या एका हॉटेलात आचारी आहेत. सुट्टीत आम्ही दोघं घरी आलो, तेव्हा तिचा एक भाग मी आईबाबांना मोबाइलवर दाखवला.

त्यात हॉटेल उघडण्याआधी सगळे आचारी एका लांब टेबलाभोवती जेवायला बसतात. एकमेकांच्या ताटातलं पळवतात, मालकाची नक्कल करतात. आई खुलली. "तुम्ही सांगता तस्संच आहे की हो!"

बाबा हसले. "कसलं टेबल नि कसलं काय! गर्दी ओसरल्यावर, चारच्या सुमाराला, भट्टीपाशी उभ्यानं चार घास. असं फक्त टीव्हीत..." आणि त्यांनी जीभ चावली.

रोज बारा वाजता बाबांचा फोन यायचा. "सगळे मिळून जेवलो. आता तू जेव." तो आल्याशिवाय आई ताट वाढून घ्यायची नाही.

"मग फोनवर कोण जेवत होतं?" आईनं विचारलं.

"तू उपाशी राहू नयेस म्हणून गं..."

मोबाइलवर अजून हसणं चाललं होतं. मालिका खोटी असते, तिच्यावर कसलं रागवायचं? बाबांचं खोटं मायेचं होतं, हेही कळत होतं. तरी मला ते माफ करता येईना. नवऱ्याच्या मागून जेवायचा नेम आईनं लग्नापासून पाळला होता, आणि रोज ती त्यांच्या आधीच जेवत आली होती.