चालत्या संगणकाची दुरुस्ती

बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण धडधाकट चालणारी वस्तू दुरुस्त करणारे माझ्या नणंदेचे यजमान एकटेच. न्हावा शेवा बंदरात जन्मभर मालाच्या नोंदी संगणकावर ठेवल्या, त्यामुळे संगणक म्हणजे घरातलंच माणूस अशी त्यांची समजूत. वन्सं गेल्यापासून भाऊजी उरणला एकटेच असतात. नुसतं "येऊन राहा" म्हटलं तर येत नाहीत. हरिहरेश्वरला आमच्या पाहुण्यांच्या खोल्यांवर काही अडलं, तर मात्र पहिल्या एसटीने हजर. बॅगेत कपडे कमी, वायरी जास्त.

आमच्या संगणकावर फुकटची लिनक्स प्रणाली त्यांनीच घातली आणि भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला. तो फार कामाचा. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते आणि भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून आमचे पाहुणे आधी पडद्यावर वेळ बघतात आणि मगच खाली उतरतात.

ऐन दिवाळीच्या गर्दीत प्रिंटर अडला. मी भाऊजींना फोन केला, ते येऊन संगणकापुढे बसले आणि संपलंच. प्रिंटरला एक पॅकेज हवं होतं. त्या पॅकेजला नवी लायब्ररी, म्हणजे त्याच्या हाताखालचा प्रोग्रॅम हवा, त्या लायब्ररीला तिच्याहून नवी दुसरी. लग्नात एका चुलत्याला आमंत्रण द्यावं आणि सगळी भावकी पानावर बसावी, तसं ते वाढत गेलं. दुपारी प्रिंटरने बिल छापलं आणि भरतीच्या प्रोग्रॅमने मान टाकली. त्याला जुनीच लायब्ररी लागत होती. जुनी आणली की प्रिंटर बंद. इकडे जेवणाची पानं वाढलेली, पाहुणे भरती कधी म्हणून विचारतायत, आणि भाऊजी पडद्यावरच्या लाल ओळी वाचून शांतपणे म्हणतात, "वहिनी, तसं दोघांचंही बरोबर आहे." मी म्हटलं, बिलं मी हाताने लिहीन, तो प्रिंटर समुद्रात टाका. नणंदेचे यजमान पडले, याहून जास्त बोलता येत नाही.

मग भाऊजींनी दुसरंच काढलं. पाणी चढायला लागलं की देवळामागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे, उतरणाऱ्याला अडवायचे, रील्स काढणाऱ्या पोरांशी भांडायचे. ओहोटी लागली की पुन्हा संगणकापुढे. जेवायला बोलवायला गेले तर उठेनात. म्हणाले, "माझ्यामुळे बंद पडलंय, वहिनी. कोणी खाली गेलं म्हणजे?" एवढी चिडलेली मी, पण ताट तिथंच नेऊन दिलं.

शेवटी त्यांनी भरतीच्या प्रोग्रॅमला त्याच्या जुन्या लायब्ररीसकट संगणकातच वेगळी खोली करून दिली म्हणे. प्रिंटरचा आणि त्याचा संबंधच नको. दोघेही चालू झाले. आता याला हात लावायचा नाही, असं मीच बजावलं. दोन दिवस राहा म्हटलं, तर "आता काय काम?" म्हणत त्यांनी वायरी गुंडाळल्या आणि ते एसटीत बसले.

परवा त्यांचा फोन आला. भरती बरोबर दाखवतोय ना, म्हणाले. दाखवतोय, म्हटलं. प्रिंटर? तोही चालतोय. मग म्हणाले, "काही अडलं तर कळवा, वहिनी."

फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं. संगणकापुढे जाऊन बसले, उगाच चार बटणं दाबून पाहिली. मेलं काही म्हणता काही अडत नाही.