दवाखान्यामागचं घर आणि नवा भात

जव्हारला दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक घर आहे, त्याच्यावर पाटी नाही. माझं कुतूहल तिथूनच सुरू झालं. आमच्याकडे कुणी पाण्याची टाकी दिली तरी टाकीपेक्षा देणाऱ्याचं नाव मोठं असतं. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावरही नाव असतं, पंखा लावला की देणारा गरगरतो. आणि इथं चार खोल्या, न्हाणीघर, परसात स्वयंपाकाची पत्र्याची शेड, सगळं फुकट, तरी नावाचा पत्ता नाही.

आजारी मुलाजवळ वॉर्डात आई थांबते. बरोबर आलेला बाप, आजा किंवा कडेवरचं दुसरं पोर कुठं जाणार? वावर, दाभोसा, पोशेरा, कुठकुठल्या पाड्यांवरून माणसं जीपनं येतात आणि मूल भरती झालं की अडकतात. पूर्वी ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर आणि झाडाखाली निजायची. आता या घरात निजतात, आणि आया आंघोळीपुरत्या इथं येऊन जातात.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी, पत्रकं फार. आई-बाबा बाजाराच्या दिवशी ती वाटायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं गिरवली. वावरची मुलं कुपोषणानं गेली तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण ती मला आमच्या ट्रंकेतल्या पिवळ्या कागदांवरून ठाऊक आहेत. ‘दान नको, हक्क हवा’ हे मी शाळेतल्या प्रार्थनेआधी पाठ केलं. त्यामुळे या घराबद्दल मला खात्री होती की यात काहीतरी मेख असणार. ती शोधायला म्हणून मी तिथं जायला लागले.

घर सांभाळणाऱ्या काकू बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराच्या सूनबाई. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, “हे सगळं कुणाच्या जिवावर चालतं?”

“तुला खोली हवीय?”

“नाही.”

“मग चौकशा कशाला? ते पातेलं घे आणि घास.”

मी पातेलं घासलं. मेख काही सापडली नाही, भांडी मात्र रोजची झाली.

काकूंचा एक नियम मला फार आवडला. या घरात देव नाही, झेंडा नाही, फोटो नाही. एका भल्या माणसानं गणपतीची मूर्ती आणली होती, ती त्यांनी चहा पाजून परत पाठवली. निवडणुकीत एकाला फाटकावर फलक लावायचा होता. त्याला म्हणाल्या, “लावा की. रात्री कुणाला ओढून घ्यायला चादर कमी पडली तर कामाला येईल.” त्यानं लावला नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरून एक आजोबा आले. बरोबर सून आणि सात-आठ वर्षांची नात. नातीला मूत्रपिंडाचा आजार होता. अंगभर सूज, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. सून वॉर्डात, आजोबा या पाटी नसलेल्या घरात. आजोबा सगळ्यांना अरे-तुरे करायचे, डॉक्टरांनाही. पाड्यावरच्या बोलीत अहो-जाहोला जागाच नाही. नातीशी ते त्या बोलीत बोलायचे आणि आमच्यासाठी मराठीत यायचे, जसं कुणी बाजारात जाताना सदरा चढवतं तसं.

ते चांगले जेवायचे. डाळ-भात दोनदा घ्यायचे आणि वर काकूंना म्हणायचे, “बाय, तुझी डाळ पातळ, पन हात सढळ.” मग एके दिवशी त्यांनी ताट पुढं सारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बरोबर आणलेल्या नागलीच्या पिठाची एक भाकर ते स्वतः थापायचे, अर्धी खायचे आणि अर्धी सुनेसाठी ठेवायचे. सूनही आमच्याकडचा भात घेईना.

“आजोबांचं काय बिनसलंय?” मी सुनेला विचारलं.

“त्यांना विचारा,” ती म्हणाली.

मी आधी स्वतःच उत्तर शोधलं. ज्या दिवशी ताट सारलं त्याच दिवशी एक देणगीदार येऊन गेले होते. त्यांनी काकूंची नजर चुकवून जेवणाऱ्यांचे मोबाइलवर फोटो काढले होते. माझं सगळं जुळलं. म्हातारा भिकेला नकार देतोय! मला इतका आनंद झाला की मी लेख लिहायला घेतला. मथळाही ठरला होता. मग आदरानं त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

“आजोबा, त्यांनी फोटो काढला म्हणून तुम्ही जेवत नाही ना?”

“कोनचा फोटू?” आजोबांनी विचारलं. “काढला काय त्यानं? मग दाखवला नाय तो मला. चोर हाये.”

माझा लेख तिथंच संपला. पण मग कारण काय? त्या दिवशी आणखी काय बदललं होतं? शेडमध्ये काकू पातेलं खरवडत कुरकुरत होत्या. “हा भात हल्ली गिचकाच होतो. पाणी कमी केलं तरी गोळा.”

“कधीपासून?”

“त्या देणगीदारांनी पोतं आणलं तेव्हापासून. यंदाचा पहिला तांदूळ, कौतुकानं दिलाय. नवा तांदूळ असाच चिकटतो.”

मी पुन्हा आजोबांकडे गेले. नवा तांदूळ म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उशिरा का होईना, पोरगी अक्षर ओळखायला लागली. त्यांच्या घरात नवं धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, ते घरातल्या सगळ्यांनी एका हंडीतलं खायचं, आणि मगच नवा दाणा कुणाच्या तोंडात जायचा. हे करायचं आजोबांनी, कारण घरात थोरले ते. वासावरूनच त्यांनी पातेलं ओळखलं होतं.

“मग तुम्ही घरी जाऊन करून या,” मी म्हटलं.

“आनि ती?” त्यांनी मानेनंच वॉर्डाकडे दाखवलं. “एक मानूस भायेर ठेवून नवं खाल्लं त ते मानूस भायेरच ऱ्हाते. परत घरात येत नाय.”

त्यांनी बोलण्यात मुद्दाम कसलाही जोर आणला नव्हता. पाऊस पडला की वहाळ भरतो, तसं सांगितलं.

घरी हळवा, लवकर येणारा भात पिकून उभा होता. कणगी रिकामी झाली होती. धाकटी नातवंडं बांधावर बसून कणसांकडे बघत होती आणि कुणी हात लावत नव्हतं. आजोबांच्या मुलाचा रोज फोन यायचा. आजोबांनी जीपवाल्याला बाजाराच्या दिवसासाठी दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. एक त्यांची, एक नातीची.

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी आजोबांना बाकावर बसवून सांगितलं, “सूज उतरायला लागलीय. इंजेक्शनं चालू आहेत, ती मध्येच तोडली आणि पोटातल्या पाण्यात जंतू वाढले, तर पोरगी हाताला लागेल असं मी सांगू शकत नाही.”

“एक दिसाची त गोष्ट. सकाळी नेतो, सांजेला आनतो.”

“रस्त्यात काही झालं तर?”

“हितं ऱ्हाऊन काय झालं तर?” आजोबा म्हणाले.

मला बोलता आलं असतं. आमच्या ट्रंकेत अंधश्रद्धेवरची पत्रकं एका बाजूला नीट बांधून ठेवलेली आहेत, त्यातली निम्मी मला तोंडपाठ आहेत. पण त्यातल्या एकातही पोरीला घराबाहेर ठेवायचं नाही असा हट्ट धरणारा माणूस नव्हता. त्याला कुठल्या मुद्द्यानं अडवायचं? आणि खरं सांगायचं तर मला आता वादापेक्षा जास्त काहीतरी जाणून घ्यायचं होतं. हा नियम त्यांना कुठवर वाकवता येतो?

उत्तर सुनेनं दिलं. आंघोळ करून ओले केस झटकत ती शेडपाशी उभी होती. सासऱ्यांशी बोलताना तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण आवाज नाही दाबला.

“बाबा, नवं घरातनंच सुरू करावं असं कुटं हाये? मानूस जिथं अडकलंय तिथनं सुरू करा. तीच हंडी मग घरी न्या.”

आजोबा कितीतरी वेळ विडीशी खेळत बसले. पेटवली नाही. शेवटी म्हणाले, “चूल आपली पायजे.”

“गॅस आहे की,” मी म्हटलं.

“गॅसच्या पोटात कोनाचे पूर्वज हायेत?”

आता प्रश्न काकूंचा होता. देव नाही, झेंडा नाही, फोटो नाही. ज्या नियमासाठी मी त्यांना मानत होते तोच मोडायला सांगायला मी गेले. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. दोन्ही बाजूंचे मुद्दे होते त्यात.

काकूंनी पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. “परसात करतील ना? शेडला आग लावू नका म्हणावं.”

“पण तुमचा नियम?”

“तो देणाऱ्यांसाठी आहे. राहणाऱ्यांना कसला नियम? मी माझा देव त्यांच्या उशाशी ठेवायचा नाही, एवढंच.” मग म्हणाल्या, “आणि तू बघत उभी राहू नकोस. लाकडं ओली आहेत, सुकी कुठं मिळतात बघ.”

बाजाराच्या दिवशी सकाळी आजोबांचा मुलगा पहिल्या जीपनं आला. फडक्यात भाताच्या लोंब्या, एक काळी हंडी आणि पानात बांधलेली घरच्या चुलीची राख. आजोबांनी परसात तीन दगड मांडले आणि मधोमध ती राख पसरली. दगड इथलेच होते, गटाराच्या कडेचे. मी विचारलं तर म्हणाले, “दगड कुटलाबी चालतो. राख आपली.”

लोंब्या पायानं मळल्या. कांडायला उखळ नव्हतं म्हणून काकूंनी खलबत्ता दिला. आजोबांनी तो हुंगला. “आल्याचा वास येतोय. देवाला चा पाजतेस काय, बाय?”

“दूध नाही घातलेलं,” काकू म्हणाल्या. “कोराच घ्या म्हणावं.”

सून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

भात शिजला. आजोबांनी सागाच्या पानांवर थोडा थोडा वाढला आणि हळू आवाजात नावं घेतली. कुठली देवांची, कुठली माणसांची, मला कळलं नाही. शेवटचं नाव मात्र नातीचं होतं, एवढं कळलं. इतर खोल्यांतली माणसं दारात उभी होती, कुणी काही विचारलं नाही. मग सून वाटीत गरम भात घेऊन वॉर्डाकडे निघाली, आणि मी मागोमाग.

दारातच परिचारिकेनं अडवलं. “बाहेरचं चालत नाही. त्यातून तिला मीठ बंद आहे.”

“मीठ नाय घातलेलं,” सून म्हणाली. “देवाला मीठ घालत नाय आमी.”

परिचारिकेनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर आल्या, वाटीतलं शीत चिमटीत घेऊन पाहिलं. “आत्ताच शिजवलाय?”

“चुलीवरून उतरवला तसा आनला.”

“मग दोन घास द्या. ताजा आहे, मीठ नाही. आमचा डाळ-भात ती तसाही थुंकते.”

पोरीनं पहिला घास तोंडात घोळवला. डोळे आता अर्धे तरी उघडत होते. तिनं आईला तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. आईनं मला सांगितलं, “आपल्या कुठल्या बांधावरचा, म्हनून विचारते.” दोन घास संपल्यावर तिसऱ्यासाठी तिनं तोंड उघडलं, आणि डॉक्टर खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागल्या.

माझं मत बदललेलं नाही. प्रत्येक दवाखान्यानं अशी जागा हक्कानं बांधून दिली पाहिजे, ती कुणाच्या भलेपणावर सोडून चालणार नाही. यावर मी पत्रक लिहिणार आहे आणि पाटी नसलेल्या त्या घराच्या फाटकापाशी उभी राहून वाटणार आहे. काकू म्हणाल्या, “वाट. पण मागची बाजू कोरी ठेव, हिशेबाला होईल.” फक्त हक्काच्या त्या जागेत परसही हवं, हे मला आधी सुचलं नसतं.

दुपारी आजोबांना आणि मुलाला सोडायला मी स्टँडवर गेले. जीप भरत आली होती. मुलगा मागं लटकला. आजोबा ठरलेल्या जागी बसले आणि शेजारच्या जागेवर फडक्यात बांधलेली हंडी ठेवली. घरच्या हंडीत तो भात मिसळायचा होता. एक बाई हंडी उचलून बसायला लागली तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

जीपवाला मागं वळला. “बाबा, दोन मानसं सांगितली होती. पोर कुटंय?”

“हाय,” आजोबा म्हणाले. “जेवतेय.”