फिजिओच्या खोलीला मी लावलेलं कुलूप

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मधे अडवू नका. हा प्रकार सांगायला लागलो की मला अजून राग येतो, आणि राग आला की मी काय करून बसतो, तेच तर तुम्हाला सांगायचंय.

मंगळवार पेठेत माझं हार्डवेअरचं दुकान. कुलपं, कड्या, बिजागऱ्या, नळ. तीस वर्षं गल्ल्यावर बसून माणूस थंड होतो म्हणतात. माझं उलटं झालं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, शालनच्या, अंगावरनं वारं गेलं. सकाळी चहा गाळता गाळता हातातली गाळणी पडली आणि मागोमाग तीही. उजवी बाजू गेली. जीव वाचला. घरी सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, "औषधानं निम्मं काम केलंय. उरलेलं निम्मं व्यायामानं होईल. पण जाणत्या माणसाच्या हातानं, आणि नेमानं."

तीन महिने खासगीत नेलं. मग ते झेपेना. शालनचं मागणं तरी काय होतं? तिला स्वतःची वेणी स्वतः घालायची होती. तोवर मी घालायचो. मी घातलेली वेणी म्हणजे सुतळीचं बंडल. शेजारच्या सुनंदावहिनी रोज येऊन ती सोडायच्या आणि परत घालायच्या, पण मला वाईट वाटू नये म्हणून मी दुकानात गेल्यावर.

आता आमच्या भागात एक सरकारी दवाखाना आहे. नाव सांगत नाही. त्या दवाखान्यात बोळाच्या टोकाला एक खोली आहे आणि तिच्या दारावर निळी पाटी आहे, 'भौतिकोपचार कक्ष'. म्हणजे फिजिओची खोली. फीत कापायला पुढारी आले होते, पेढे वाटले होते. एक मीही खाल्ला. आत सायकल, धरून चालायच्या दांड्या, शेक द्यायचं मशीन, सगळं प्लॅस्टिकात गुंडाळलेलं. हे मला कसं माहीत? खिडकीच्या फटीतनं बघून. कारण दाराला कुलूप. चौदा महिने कुलूप.

मी दर पंधरा दिवसांनी नवा अर्ज घेऊन जायचो. खिडकीवरच्या क्लार्कचं आणि माझं बोलणं आता दोघांनाही पाठ झालं होतं.

"व्यायामवाला माणूस कधी येणार?"

"पद मंजूर हाय."

"मग माणूस?"

"निधी आला की माणूस."

"आणि निधी?"

"त्ये वरनं येतंय."

मी वर बघायचो. वर पंखा होता. तोही बंद.

एका शनिवारी क्लार्कनं त्यात नवीन वाक्य घातलं. "तशी आता खोली मोकळी न्हाय. मच्छरदाण्यांचे गठ्ठे ठेवल्यात आत."

संपलं. म्हणजे डासांपासून बचाव करायच्या मच्छरदाण्यांना सरकारनं खोली दिली, पंखा दिला, दांड्या दिल्या, आणि माझी बायको घरी भिंतीला धरून संडासला जाते. माझं डोकं जे सटकलं, ते घरी जाईपर्यंत सटकतच राहिलं. रात्री जेवायच्या आधी मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं: 'सोमवारी सकाळी अकरा वाजता दवाखान्यात टाळं ठोको. सर्वांनी जमावे.' पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस.

माझा मित्र दिनकर, शिवाजी पेठेतला, जरा विचारी माणूस. त्यानं फोन केला. "संपत, त्या खोलीला आधीच कुलूप हाय की. त्यावर तू आणि कुलूप लावून काय करणार?"

बघा, शंका किती साधी होती. पण मी ऐकतोय होय? म्हटलं, "त्यांचं कुलूप त्यांना काढता येतंय म्हणून त्यांना किंमत न्हाय. माझं कुलूप त्यांना काढता येणार न्हाय. मग येतील बोलायला."

दिनकर म्हणाला, "बरं. मी मोबाईलवर शूटिंग करतो."

सोमवारी आपला बाजार बंद असतो. मी सकाळी आठलाच दुकान अर्धं उघडून आत शिरलो आणि कुलूप निवडायला बसलो. साधं कसं चालेल? माळ्यावरनं सगळ्यात जाड काढलं. हे कुलूप मी गिऱ्हाइकाला देताना नेहमी सांगतो, "पावणं, कापणारा थकंल, पण हे तुटणार न्हाय." एकाच रिंगमध्ये तीन किल्ल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्याचा नंबर. मी कट केला. परत वाजला, परत कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोनकडं बघून हसलो. म्हटलं, तंतरली. आता विनवण्या करायला लागलेत. फोनच बंद करून खिशात टाकला.

अकराला दवाखान्यात पोचलो. अंगठेवाल्यांपैकी कोण आलं असेल? दिनकर. बाकी ग्रुप घरी बसून अंगठे दाखवत असणार. पण बोळात वळलो आणि मला भरून आलं. फिजिओच्या खोलीसमोरच्या बाकावर माणसं बसली होती. एक काठीवाले आजोबा, मानेला पट्टा लावलेली एक बाई, गुडघे धरून बसलेल्या दोघी आणि आमचे गादीवाले कासीमभाई. कापूस पिंजून पिंजून त्यांचा उजवा खांदा धरलाय, हात खांद्याच्या वर जात नाही. म्हटलं, बघा, धडधाकट लोक घरात आणि ही आजारी माणसं लढायला आलीत.

दाराकडं बघितलं. चौदा महिन्यांचं ते कुलूप नव्हतं. दार नुसतं ओढून घेतलेलं. आता शहाण्या माणसाला इथं काय वाटलं असतं? मला वाटलं, पेपरात फोटो येईल म्हणून लबाडांनी कुलूप काढून ठेवलंय. रागात माणूस फार हुशार होतो, आणि हीच त्यात अडचण आहे.

मी बाकाकडं तोंड करून भाषण सुरू केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, ही खोली कुणाची?"

कासीमभाईंनी डावा हात वर केला. मला वाटलं घोषणा देतायत. मीही मूठ वर केली.

"संपतराव, जरा ऐका की," कासीमभाई म्हणाले. "आत बाई हाईत."

"बाई असू दे न्हायतर बाप्या, हक्क सगळ्यांचा सारखा."

"तसं न्हवं. आत..."

"आतलं, बाहेरचं, सगळं आज काढणार हाय मी कासीमभाई. तुम्ही खांदा सांभाळा."

मानेच्या पट्ट्यावाली बाई उठून उभी राहिली. मला वाटलं पाठिंबा. आजोबांनी काठी आपटली. मला वाटलं टाळी. आवाज चढवून मी बोललो ते दिनकरच्या मोबाईलमध्ये अजून आहे, पण बघवत नाही. शेवटी कडी सरकवली, कुलूप अडकवलं, दाबलं. खट्ट. आणि दिनकरनं "इकडं बघ" म्हटल्यावर तीन किल्ल्यांची ती रिंग मी बोळाच्या खिडकीतनं मागच्या नाल्यात भिरकावली. नेम उत्तम बसला. डुबुक असा आवाजही आला, आणि दिनकरनं शूटिंग तिथल्या तिथं ग्रुपवर टाकलं.

मग दारावर आतनं टकटक झाली.

"कोण आहे? दार का लावलं बाहेरनं?" तरण्या बाईचा आवाज.

आणि त्याच्या मागनं दुसरा आवाज, संथ, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. हा आवाज मी पस्तीस वर्षं ऐकतोय.

"अवं... तुमीच हाय न्हवं त्ये?"

आता काय सांगू. माझा हात किल्ल्यांसाठी खिशात गेला, आणि किल्ल्या नाल्यात होत्या.

झालं होतं असं. फिजिओ मॅडम त्या दिवशीच पहिल्यांदा हजर झाल्या होत्या, आणि मच्छरदाण्यांचे गठ्ठे सकाळीच कोपऱ्यात सारले होते. यादीत शालनचं नाव पहिलं, कारण चौदा महिने मीच भांडून ते तिथं ठेवलेलं. म्हणून सिस्टरनी सकाळी मला तीन फोन केले. मी घेतले नाहीत तेव्हा सुनंदावहिनींना केला. वहिनींनी शालनला रिक्षात घालून आणलं आणि तिला आत सोडून त्या केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिल्या. मॅडमनी पाय उचलायचा व्यायाम म्हणून दार ओढून घेतलं. बाकावरची माणसं लढायला आली नव्हती. ती नंबराला बसली होती.

"माझा दुसरा नंबर हाय," कासीमभाई म्हणाले. इतका शांत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

दवाखान्याचे डॉक्टर धावत आले. मी म्हटलं, "दार मोडूया. खर्च माझा."

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "दार मोडलं तर नवीन कधी येईल याचा मला भरवसा नाही. तोवर खोली वापरता येणार नाही, असा शेरा पडेल."

खरं होतं ते, म्हणून जास्त राग आला. दिनकर म्हणाला ग्राइंडर आणू. पण सोमवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, ती साडेदहालाच गेलेली. शेवटी मी स्कूटर काढली, स्वतःच्या दुकानात गेलो, लोखंड कापायची छोटी करवत आणली आणि बोळात मांडी घालून माझंच कुलूप कापायला बसलो. एक पातं मोडलं. दुसरं बोथट झालं. गिऱ्हाइकांना तीस वर्षं मी खरं सांगत होतो, याचा त्या दिवशी पुरावा मिळाला.

आतनं मॅडमचा आवाज येत होता. "पाच. सहा. छान. मावशी, आणखी वर. सात." शालन धापा टाकत होती. मी हाक मारली, "शालन, घाबरू नको, निम्मं कापलंय."

आतनं उत्तर आलं, "सावकाश... कापा. हाताचा... राहिलाय अजून."

मला हसू आलं असतं, पण मागं बाक होता. त्या बाकाकडं पाठ करून करवत चालवणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम.

कुलूप तुटलं तेव्हा पाऊण वाजून गेला होता. दार उघडलं. मॅडम पंचविशीच्या, मूळच्या शाहूवाडीकडच्या. कपाळावर घाम, चेहरा पांढरा. मी हात जोडले. म्हटलं, "पोरी, चुकलो."

त्या म्हणाल्या, "काका, माझी पहिलीच नेमणूक. लोक पहिल्याच दिवशी कोंडून ठेवतील, इतकी मी हवी असेन असं वाटलं नव्हतं."

म्हटलं, आता बाकीच्यांचे नंबर घ्या. तर त्या बॅग उचलायला लागल्या. त्यांच्याकडं तीन दवाखाने. इथं आठवड्यातनं एक दिवस, तोही दुपारी एकपर्यंत. तो दिवस सोमवार. शेक द्यायचं मशीन विजेवर चालतं आणि सोमवारी वीज नसते. सांगा, हे कुणी बसून ठरवलं असेल? आमच्या दुकानात खिळे ठेवायचे असले तरी मी यापेक्षा जास्त विचार करतो.

सव्वाएकची एसटी गाठायला मॅडम निघून गेल्या. गुडघेवाल्या दोघी एकमेकींना धरून उठल्या. आजोबांना पाणी हवं होतं, मी आणून दिलं, त्यांनी घेतलं नाही. मानेच्या पट्ट्यावाली बाई दोन बस बदलून, कामावर खाडा करून आली होती. तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसती पिशवी उचलली.

रिक्षात शालन म्हणाली, "हात... हलला आज." आणि बोट हलवून दाखवलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली, कारण तो पाच माणसांच्या वाटणीचा होता.

पुढच्या सोमवारी मी बाकावर सगळ्यांच्या पाया पडलो. प्रायश्चित्त म्हणून एक अर्ज लिहिला: मॅडमना आठवड्यातनं किमान तीन पूर्ण दिवस द्या, आणि सोमवार सोडून द्या. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, सगळ्यात वर माझी, ठसठशीत. स्वतः वरच्या कार्यालयात नेऊन दिला, पोच घेतली.

उत्तर आलं. एवढ्या अर्जांत पहिल्यांदाच उत्तर आलं, म्हणून मी ते न फोडता दवाखान्यात नेलं आणि बाकावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

'सदर कक्षास स्थानिक नागरिकांनी कुलूप ठोकून तीव्र विरोध दर्शविल्याचे समाजमाध्यमावरील चित्रफितीवरून दिसून येते. नागरिकांचा विरोध विचारात घेता सेवेचे दिवस वाढविणे तूर्त उचित होणार नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

सोबत फोटो जोडला होता. मी, मूठ वर, तोंड उघडं, मागं निळी पाटी.

चौदा महिने खोली बंद होती तेव्हा यांना कागद सापडला नाही. माझं कुलूप दीड तास होतं, तर त्याचा रंगीत फोटो. मी कागद चुरगळला, उभा राहिलो आणि म्हटलं, "थांबा, आता यांना दाखवतोच. असा अर्ज लिहितो की..."

कासीमभाईंनी डाव्या हातानं माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"संपतराव," ते म्हणाले, "अर्ज आता आम्ही लिहितो. तुम्ही फक्त एक करा. सही करू नका."