वहीतल्या मोकळ्या जागा

आमच्या गावात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमाची गाणी आणि लाल-निळे दिवे येत. मी शाळेच्या फलकावर ‘ऑर्केस्ट्रा : आपल्याच मुलांच्या नव्या चाली’ असं खडूने लिहिलं, तेव्हा लोकांनी पहिला शब्द वाचला आणि पुढचं सोडून दिलं. रविवारी दुपारी पटांगण भरलं. मला वाटलं, हे सगळे माझ्या नावावर आले.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. नातवंडं म्हणतात, आजी, बावन्न म्हणजे काय तरुण का? अरे, आत्ताच्या मानाने कोवळीच. आणि अक्कल त्याहून कोवळी. खामगावला जाऊन पेटीच्या परीक्षा दिलेल्या. पिंपळगाव राजाच्या आसपास स्वरलिपी लिहिता येणारी मी एकटीच, असा माझा समज. तो खरा असेलही, पण त्याची कोणाला गरज नव्हती हे काही माझ्या ध्यानात येत नव्हतं.

शाळेची दहा-बारा पोरं आणि गावातली बँड पार्टी मिळून मी ताफा जमवला. बँडवाले रिकामेच होते. बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा दोन वर्षं कापूस असा पिकला, की एकेका नवरदेवापुढे दोन-दोन बँड लागले. मग पाऊस हुकला, कापसाच्या पराटीवर लाल्या रोग पडला, आणि लग्नं देवळापुढे अर्ध्या तासात उरकू लागली. त्या एका साली गावातली तीन घरं कर्त्या माणसाविना झाली. फवारणीचं औषध शेतात संपलं नव्हतं, एवढंच लोक बोलत.

बँडमास्तरची मुलगी नववीत माझ्याच वर्गात. क्लॅरिनेट बापापासून शिकलेली, पण दम बापापेक्षा लांब. तिचा भाऊ सुरतेला निघून गेलेला, ताफ्यात माणूस कमी. तरी पोरीला वरातीत उभं करायचं म्हणजे नातेवाईक तोंड वाकडं करणार. शेवटी बापाने तिच्यापुढे अट ठेवली. कार्यक्रमात स्वतःची चाल ताफा न मोडता शेवटपर्यंत नेली, तर या लग्नसराईत ती बापासोबत. नाही तर क्लॅरिनेट डब्यात आणि डबा माळ्यावर. हे मला तिनेच सांगितलं, वहीकडे बघत.

तिने वरातीची चाल बांधली होती आणि मी शिकवलेल्या लिपीत ती वहीत उतरवली होती. त्यात तीन ठिकाणी आठ-आठ मात्रा कोऱ्या. मी विचारलं, इथे काय? म्हणाली, “तिथं थांबते, बाई.”

“काऊन थांबते? सुचलं नाही का?”

“थांबाच लागते.”

मी हसले. संध्याकाळी घरी जाऊन त्या तिन्ही जागा लाल शाईने भरून काढल्या, पेटीसाठी. एक जागा तर मला इतकी साधली, की मी ती स्वतःलाच दोनदा वाजवून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिने वही पाहिली आणि ‘बरं बाई’ म्हणाली. बाईला नाही म्हणायची तेव्हा रीत नव्हती.

सगळ्यांची मिळून तालीम झालीच नाही. वेचणीचे दिवस, बँडवाले दिवसभर कापसात आणि संध्याकाळी तिच्या घरी तिच्यासोबत, मी शाळेत पोरांसोबत. भेट झाली ती थेट मांडवात.

आधी एका मुलाने बुलबुलतरंगावर एसटी सुटायची चाल वाजवली. ती इतक्यांदा सुटली, की मागून कोणी म्हणालं, “टिकीट तरी फाड बे आता.” लोक हसले, तो मुलगाही हसला. मग ही उभी राहिली.

सुरुवात अशी झाली, की बसलेल्या माणसांचे खांदे हलले. गाणी ऐकायला आलेले गाणी विसरले. आणि पहिली कोरी जागा आली. तिने क्लॅरिनेट खाली केलं. ड्रमवाल्याने काड्या काखेत धरल्या. सगळा बँड गप्प. आणि मी एकटी, भाता जोरात ओढून, लाल शाई वाजवते आहे.

समोरच्या बायांनी डोक्यावर पदर घेतले होते. आधी वाटलं, मला मान देतात. मग ड्रमवाल्याच्या काखेतल्या काड्या दिसल्या आणि मी बोटं उचलली.

आमच्याकडे वरात निघते तेव्हा ज्या घरचं माणूस वर्षाच्या आत गेलं, त्या घरापुढे बँड मुका होतो. ते घर मागे पडेपर्यंत नुसती पावलं वाजतात. कोणी सांगत नाही. ड्रमवाला काड्या काखेत धरतो, झालं. हे मी जन्मभर बघत आले होते. वहीत लिहिलेलं दिसलं तेव्हा मात्र मला ते चुकलेलं वाटलं. तीन जागा, तीन घरं. एवढा हिशेब परीक्षा पास झालेल्या बाईला आला नाही.

मागून कोणी पुटपुटलं, मोडली चाल. बँडमास्तर कॉर्नेट घेऊन मागे उभे होते. त्यांनी ते उचललं नाही, खुणावलंही नाही. नुसते पोरीकडे बघत राहिले.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. क्लॅरिनेट खालीच ठेवून पायाने पुन्हा एकपासून मोजायला लागली. आठही मात्रा, सावकाश, जशी त्या घरासमोरून चालत असावी. आठ भरल्या आणि तिने क्लॅरिनेट उचललं, तसा सगळा बँड एका श्वासात तिच्यासोबत उठला.

पुढच्या दोन जागी मी हात मांडीखाली दाबून बसले. जन्मात इतकं चांगलं मी दुसऱ्यांदा वाजवलं नाही. तिसऱ्या जागेला दुसऱ्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. तिचं घर कोणतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सूर लागले, तशी ती खाली बसली.

चाल संपल्यावर टाळ्या जरा उशिराने आल्या. मी बँडमास्तरकडे गेले, म्हटलं चूक माझी होती, पोरीची नव्हती. तिची अट मोडली असं धरू नका. ते म्हणाले, “मोडली कुठं, बाई? मोडल्यावर तिनं जोडली. मले नसती जमली.”

मग लेकीकडे वळून, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाले, “बँडची टोपी तुले मोठी होईन. अम्मीले सांग, आतून पट्टी लाव.”

“हाव अब्बा,” ती म्हणाली, आणि क्लॅरिनेटातलं पाणी झटकायला लागली.